सोसायटीत जेंबे सुरू केलंय, पण आफ्रिकेत हे ढोल नक्की कशासाठी वाजतात? माहीतगारांनी सांगा प्लीज

नेरूळची_फिरस्ती

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, पहिल्यांदाच धागा काढतेय. आमच्या नेरूळच्या सोसायटीत दर रविवारी संध्याकाळी आम्ही क्लबहाउसमध्ये जेंबे वाजवायला जमतो. बायका जास्त, मग शाळकरी मुलं आणि थोडे रिटायर्ड काका. सुरुवात एका वीकेंड वर्कशॉपने झाली, मग कोणी वाशीतून, कोणी दादरहून, कोणी ऑनलाइन असे ढोल घेतले आणि आता रविवार चुकवावासा वाटत नाही इतका जीव जडलाय. लिफ्टमध्ये नुसती मान हलवून गप्प उभी राहणारी माणसं आता एकमेकांकडे चहाला जातायत, हे मी डोळ्यांनी बघतेय.

आता प्रश्न. वर्कशॉपमध्ये सांगितलं होतं की आफ्रिकेत सगळे गोल बसतात, ज्याला जे सुचेल ते वाजवतात, मन मोकळं होतं, ढोल म्हणजे त्यांचं मेडिटेशन. मला हे पटत नाहीये. आपल्याकडे संबळ काय उगाच वाजतं का, गोंधळ घातलेला असतो म्हणून वाजतं. मग एवढ्या मोठ्या खंडात लोक नुसता मूड आला म्हणून वाजवत असतील? लग्नाला काय, शेतात काय, मयताला काय, कोण वाजवतं, बायकांनी वाजवलेलं चालतं का, हे कोणी तिकडे राहिलेलं किंवा नीट शिकलेलं असेल तर सांगा ना. जानेवारीत सोसायटीचं स्नेहसंमेलन आहे, तिथे वाजवणार आहोत, आणि वाजवायच्या आधी लोकांना दोन खऱ्या गोष्टी सांगाव्यात अशी फार इच्छा आहे.

घणसोली_एक्सप्रेस

ताई एवढ्या खोलात कशाला जाताय, आमच्या ऑफिसातपण ड्रम सर्कल झालं होतं, सगळ्यांना मस्त हलकं वाटलं. आनंद मिळतोय, माणसं जोडली जातायत, अजून काय पाहिजे. संगीत सगळ्यांचं असतं.

टेमा_रिटर्न

घणसोलीकर, आनंद मिळतो याबद्दल वादच नाही, पण ताईंनी विचारलंय ते वेगळं आहे आणि योग्य विचारलंय.

मी पोर्टच्या कामानिमित्त काही वर्षं घानात टेमाला होतो, आता सानपाड्यात असतो. आधीच सांगतो, 'आफ्रिकेत असं असतं' असं वाक्य सुरूच करू नका. मी पाहिलं ते घाना, तेही त्यातला थोडा भाग. शेजारच्या देशात ढोल वेगळे, वाजवणारे वेगळे, कारणं वेगळी.

मला सगळ्यात जास्त काय भिडलं असेल तर ते ढोल न वाजण्याचे दिवस. अक्रा आणि टेमाचा पट्टा गा लोकांचा. त्यांच्याकडे मे-जूनच्या सुमाराला पेरणीचे विधी झाले की साधारण ३० दिवस ढोल वाजवायला आणि एकूणच मोठा आवाज करायला बंदी असते. पीक रुजतंय, देवांना शांतता हवी, अशी श्रद्धा. गा ट्रॅडिशनल कौन्सिल तारखा जाहीर करते, पेपरात येतात, रेडिओवर सांगतात. चर्चवाल्यांनापण स्पीकर कमी ठेवायला सांगतात आणि त्यावरून १९९०च्या दशकाच्या शेवटी शेवटी हाणामाऱ्या झालेल्या आहेत, म्हणजे सगळं गोडीगुलाबीत चालतं असंही समजू नका. बंदी उठते तीसुद्धा ढोल वाजवूनच, त्या विधीला ओदादाओ म्हणतात. मग ऑगस्टच्या आसपास होमोवोचा सण, मक्याच्या पिठाचं क्पोक्पोई करतात आणि मानाची माणसं ते रस्त्याने शिंपडत जातात, पूर्वजांसाठी. अख्ख्या शहराला माहीत असतं की आता ढोल गप्प आहेत आणि का गप्प आहेत. आपल्याकडे दहा वाजले की बंद करा म्हणून पोलीस येतात, तो कायदा बरोबरच आहे, पण ही शांतता कायद्याच्या आधीपासूनची आणि लोकांनी आपली मानलेली.

दुसरं म्हणजे मयत. आमच्या यार्डात एवे लोक बरेच होते, मूळचे घानाच्या पूर्वेकडचे, व्होल्टाच्या बाजूचे. त्यांच्यात ढोल आणि नाच यासाठी रीतसर मंडळं असतात. वर्गणी असते, पदाधिकारी असतात, सभासद वारला की मंडळाने जाऊन वाजवायचं, गायचं आणि घरच्यांना पैशाचीही मदत करायची. आमच्या एका फोरमनची आई गेली तेव्हा मी गेलो होतो. एक माणूस हातात दोन तोंडांची लोखंडी घंटा घेऊन उभा, त्याला गांकोगुई म्हणतात, बारा मात्रांत सात ठोके, तेच ते, तासन् तास, जरासुद्धा इकडेतिकडे नाही. त्याच्या बाजूला मण्यांची जाळी लावलेला भोपळ्याचा खुळखुळा, मग कागानू नावाचा सगळ्यात छोटा ढोल, मग किडी, मग सोगो, प्रत्येकाचं काम ठरलेलं, आणि मुख्य ढोलवाला त्यांच्या वर बोलतोय. मी सुरुवातीला मुख्य ढोलाकडेच बघत होतो. थोड्या वेळाने बाजूच्या म्हाताऱ्या बाईने माझं मनगट धरलं आणि घंटेच्या ठोक्यावर माझ्या हातावर चापट्या मारायला लागली, म्हणजे हे ऐक, बाकीचं मग. तिथे बघे असे कोणी नव्हतेच हो, खुर्चीवर बसलेला माणूससुद्धा टाळी धरून होता नाहीतर गाण्याचा पुढचा शब्द उचलत होता.

तेव्हा ज्याला जे सुचेल ते वाजवायचं, हे निदान मी पाहिलेल्या ठिकाणी बिलकुल नाही. मोकळीक असते ती मुख्य ढोलवाल्याला, आणि तीसुद्धा वर्षानुवर्षं छोटा ढोल आणि घंटा वाजवून झाल्यावर.

पातलीपाडा_रिदम

टेमा काका, सुंदर लिहिलंत. एक भर घालतो कारण ताईंचा ढोल जेंबे आहे आणि जेंबे मूळचा घानाचा नाही. मी ठाण्यात राहतो, बरीच वर्षं जेंबे शिकतोय, गिनीच्या परंपरेत तयार झालेल्या गुरूंकडे शिबिरं केली आहेत.

जेंबे मालिंके लोकांचा, आजचा गिनी आणि माली, त्याच्या आसपासचा भाग. एका ओंडक्यातून कोरलेला, वर बकऱ्याचं कातडं. कोरायचं काम परंपरेने लोहारांचं, त्यांना नुमू म्हणतात. आणि बऱ्याच लोकांचा समज असतो की ग्रिओ म्हणजे तिथले भाट तेच जेंबे वाजवतात, तसं नाही, भाटांची वाद्यं म्हणजे कोरा, बालाफोन, न्गोनी. जेंबे वाजवायला अमुक घराण्यातच जन्म घ्यावा लागतो असं नाहीये.

आता मुद्दा. तिथे ठेक्याला नाव असतं आणि नावामागे प्रसंग असतो. कासा हा शेतातला ठेका, माणसं रांगेत वाकून कापणी करतायत आणि वाजवणारे त्यांच्याबरोबर शेतात, कामाला हुरूप देतायत. सोली मुलांच्या सुंतेच्या वेळचा. दुनुंबा हा बलदंड पुरुषांचा नाच, गिनीतल्या कुरूसाच्या बाजूला हामाना म्हणून भाग आहे तिथला, आणि त्यात वयाप्रमाणे गट असतात, कोणी कुठे नाचायचं ते त्यावरून ठरतं. म्हणजे तुम्ही यूट्यूबवरून 'जेंबे बीट नंबर ३' शिकता तो कोणाच्या तरी शेतातला किंवा कोणाच्या तरी पोराच्या आयुष्यातला मोठा दिवस असू शकतो. वाजवू नका असं म्हणत नाहीये मी, जरूर वाजवा, पण नाव आणि प्रसंग विचारल्याशिवाय शिकू नका.

आणि नुसते जेंबे म्हणजे अर्धाच संसार. खरा पाया दुनुन, दोन्ही बाजूंना गाईचं कातडं असलेले आडवे ढोल. सगळ्यात छोटा केंकेनी, मधला सांगबान, मोठा दुनुंबा (वरच्या नाचाचं आणि या ढोलाचं नाव एकच). हामानात प्रत्येक ढोल एक एक माणूस वाजवतो, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने ढोलावरच बांधलेली घंटा. ठेका ओळखायचा तो बहुतेक वेळा सांगबानवरून. केंकेनी कायम सारखा चालतो, ऐकायला सोपा, धरून ठेवायला भयंकर कठीण. माझ्या गुरूंनी मला पहिल्या शिबिरात जेंबेला हातच लावू दिला नाही, केंकेनी दिला, आणि तोच मला आजही सगळ्यात जास्त आवडतो.

मुख्य जेंबेवाला नाचणाऱ्याच्या पायांकडे बघून वाजवतो हेपण लक्षात ठेवा. नाचणारी बाई रिंगणात येते, तिच्या पावलांना तो ठोक्यांनी जागा देतो, मग वेग चढवत नेतो आणि एक ठरलेला इशारा वाजवून तिला बाहेर पडायला वाट देतो. सुरू करायचा आणि थांबायचा इशारापण ढोलावरूनच, तोंडाने वन टू थ्री फोर नाही. नाचणारंच कोणी नसेल तर मुख्य जेंबेवाला कोणाशी बोलणार?

हे सगळं स्टेजवर कसं आलं तेही सांगतो, कारण तुमचं स्नेहसंमेलन स्टेजवरच असणार. फोदेबा केता नावाचे गिनीचे लेखक-नर्तक होते, त्यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये ले बॅले आफ्रिकां ही मंडळी उभी केली. १९५८ला गिनी स्वतंत्र झाला आणि ती देशाची राष्ट्रीय मंडळी बनली, जगभर फिरली. गावात रात्रभर चालणारी गोष्ट थोड्या मिनिटांत बसवायची म्हणून ठेके एकमेकांना जोडले, वेग वाढवला, तीन दुनुन एकाच माणसासमोर उभे केले. जेंबे आज नेरूळपर्यंत पोचलाय त्यात या मंडळीचा मोठा हात आहे. ज्या फोदेबांनी हे उभं केलं त्यांना पुढे गिनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांच्याच राजवटीत तुरुंगात टाकलं आणि १९६९ला ठार मारलं. ही गोष्ट आठवली की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं, आणि जेंबे वाजवणाऱ्या प्रत्येकाला हे नाव माहीत असावं असं मनापासून वाटतं.

लागोस_ते_खारघर

वरचे दोन्ही प्रतिसाद सेव्ह केले. मी नायजेरियाचं थोडं सांगते. मिस्टरांच्या नोकरीमुळे लागोसला होतो. तिथे योरुबा लोकांच्या लग्नात दुंदुन नावाचा ढोल वाजतो, मध्ये बारीक कंबर असलेला, दोन्ही तोंडांना जोडणाऱ्या चामड्याच्या दोऱ्या, ढोल काखेत अडकवून दोऱ्या दाबल्या की आवाज चढतो, सोडल्या की उतरतो. काठी टोकाला वाकडी, आपल्या संबळाच्या वाकड्या काठीची आठवण यावी अशी. योरुबा बोलण्यात वरचा, मधला, खालचा असे सूर असतात आणि सुरावर अर्थ ठरतो, त्यामुळे ढोल अक्षरशः वाक्य बोलतो आणि ज्यांना कळतं त्यांना कळतं. पाहुणा दारात आला की ढोलवाला त्याच्या घराण्याची स्तुती, ओरिकी म्हणतात त्याला, ढोलावर वाजवतो. तो माणूस थांबतो, हसतो, नाचायला लागतो आणि ढोलवाल्याच्या कपाळावर नोटा चिकटवतो. मी एका आजोबांना पाहिलंय, काठी टेकत टेकत आले होते, ढोलावर त्यांच्या घराण्याचं आल्यावर काठी नातवाकडे दिली आणि खांदे हलवायला लागले.

वाजवणारी घराणी असतात, त्यांच्या नावांची सुरुवात बऱ्याचदा आयान अशी असते, आयान ही त्यांची ढोलाची देवता. म्हणजे पातलीपाडा म्हणतात तसं जेंबेला घराणं लागत नसेलही, पण इथे लागतं. टेमा काकांचा मुद्दा परत तोच, एका देशाचं दुसऱ्याला लावू नका.

नेरूळची_फिरस्ती

अहो काय लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी, मी वाचून दाखवलं आमच्या ग्रुपमध्ये, सगळे गप्प होऊन ऐकत होते. काका, ते घंटेच्या ठोक्यावर चापट्या मारणारी आजी आमच्या सगळ्यांच्या डोक्यात बसलीये.

बायकांचा प्रश्न राहिला बघा. आमच्या ग्रुपमध्ये बायकाच जास्त आहेत आणि एका काकांनी परवा सहज म्हटलं की तिकडे बायकांना ढोलाला हात लावू देत नाहीत म्हणे. खरं का?

ताशावाली_घंटाळी

यावर मी बोलणार. मी ठाण्यात ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते, गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत आणि गणपतीत. आम्ही सुरुवात केली तेव्हा आम्हालापण ऐकवलं होतं की मुलींनी ध्वज नाचवा, झांज घ्या, ढोल कमरेला पेलणार नाही. आज आमच्या पथकात कमरेला ढोल बांधलेल्या मुली पुढच्या रांगेत आहेत. त्यामुळे हा विषय मी मुद्दाम शोधून वाचलाय.

खरं आहे आणि सगळीकडे खरं नाहीये. खूप ठिकाणी ढोल पुरुषांचेच होते. बुरुंडीत राजाच्या ढोलांचा नाच आहे, २०१४ला युनेस्कोच्या यादीत आला, डोक्यावर ढोल घेऊन येतात, वाजवत उड्या मारतात, व्हिडिओ बघाच. पण २०१७ला तिथल्या सरकारने हुकूम काढला की हे ढोल बायकांनी वाजवायचे नाहीत, आणि कार्यक्रम करायचा तर सरकारची परवानगी आणि फी. शेजारच्याच रवांडात नेमकं उलटं झालं. तिथेही बायका ढोल वाजवत नव्हत्या, पण १९९४च्या नरसंहारानंतर ओडिल गाकिरे कातेसे या नाट्यकर्मी बाईंनी इंगोमा न्श्या नावाचं बायकांचं पथक उभं केलं. त्यात दोन्ही बाजूंच्या बायका आहेत, कोणाचं माणूस मारलं गेलेलं, कोणाचं माणूस मारणाऱ्यांत होतं, आणि त्या एकाच रांगेत उभ्या राहून वाजवतात. मी त्यांचे व्हिडिओ आमच्या सरावाच्या आधी मुलींना दाखवलेत.

सेनेगलमध्ये साबार नावाचा ढोल आहे, एका हातात काठी आणि दुसरा हात उघडा, दोन्हीने वाजवायचं. तिथे गल्लीत साबारचा कार्यक्रम ठेवतात तो बऱ्याचदा बायकांनीच ठेवलेला असतो, पैसे त्या जमवतात, रिंगणात नाचतात त्या, वाजवणारे पुरुष. पण तिथले मोठे वादक दूदू न्जाय रोज, २०१५ला गेले, त्यांनी स्वतःच्या मुली आणि सुनांना शिकवून बायकांचं पथक काढलं. म्हणजे तिथलेच लोक, तिथलाच मोठा उस्ताद. तेव्हा काकांना सांगा, हा वाद तिकडे चालू आहे आणि तिकडच्या बायका तो स्वतः लढतायत. तुम्ही बिनधास्त वाजवा आणि जानेवारीत स्टेजवर या बायकांची नावं घ्या.

पथकाच्या अनुभवावरून एकच सांगते, केंकेनीबद्दल वर जे लिहिलंय ते शंभर टक्के. आमच्याकडे ताशाच्या इशाऱ्यावर हात म्हणजे ठेका बदलतो, पण टोल आणि मागच्या रांगेतले ढोल ढिले पडले तर पुढे कितीही तयारीचा ताशा असू दे, मिरवणूक विस्कटते. मुलांना सोलो शिकवायच्या आधी एक ठोका न ढळता धरायला शिकवा.

दिवाळेकर

चर्चा आवडली म्हणून लॉगिन केलं. मी दिवाळे गावचा कोळी. एवढ्या लांब बघताना जवळचं राहून जातंय. आफ्रिकेतून आलेली माणसं आपल्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं आहेत. मुरूडचा जंजिरा सिद्दींचा, त्यांचं संस्थान १९४८पर्यंत होतं. मलिक अंबर तर शाळेत शिकलोय सगळे. आणि गुजरातेत भरूचच्या बाजूला रतनपूरला बावा गोर यांचा दर्गा आहे, तिथले सिद्दी आजही धमाल नावाचं वादन आणि नाच करतात, मुगरमान नावाचा उभा ढोल, बाजूला छोटे ढोल, शंख, आणि वाजता वाजता नाच. ते पीराच्या भक्तीत वाजतं. पाहुण्यांसमोर मोरपिसं लावून नाचतात तो कार्यक्रम वेगळा आणि उरसातलं वाजवणं वेगळं, जाणारा माणूस लगेच ओळखतो. आमच्या माहितीतले एक जण गेले होते, त्यांनी सांगितलं की तिथे बायकांचं वाजवणं-गाणंपण असतं. ताईंनी ग्रुप घेऊन जावं कधी, ट्रेनने भरूच काय लांब नाही. आफ्रिकेला जाणं सगळ्यांना जमणार नाही पण इथे जाऊन ऐकता येईल, आणि ती माणसं आपल्याच देशातली आहेत, हे सोसायटीतल्या मुलांना कळायला पाहिजे.

घणसोली_एक्सप्रेस

हे सगळं खरंच माहीत नव्हतं. फोदेबा केता आणि रवांडाच्या बायकांचं शोधून वाचलं आज. ताई, जानेवारीचा कार्यक्रम बाहेरच्यांना बघता येईल का? असेल तर इथे टाका, मी येतो.

नेरूळची_फिरस्ती

नक्की टाकेन. आमचं असं ठरतंय, स्टेजवर फक्त एकच ठेका करायचा, कासा, आणि आधी सांगायचं की हा गिनीतल्या मालिंके लोकांचा शेतातला ठेका आहे, आम्ही शिकणारे आहोत. खुर्च्या रांगेत न लावता गोल लावायच्या आणि लोकांना टाळी शिकवायची. आमच्या मागच्या प्लॉटवर दर वर्षी सोसायटीचे लोक मिळून झाडं लावतात, खड्डे खणतात, तर पुढच्या वर्षी तिथेपण वाजवायचं असं मुलांनी सुचवलंय. म्हटलं कामाचा ठेका कामाच्या जागीच जाऊ दे. पातलीपाडा सर, हे चालेल ना? आणि दुनुन नाहीयेत आमच्याकडे, काय करू?

पातलीपाडा_रिदम

चालेल काय, खूप छान होईल. दुनुनसाठी सुरुवातीला पथकातले जुने दोन-तीन लहानमोठे ढोल आडवे ठेवून काठीने वाजवा, ताशावाली ताई मदत करतील, घंटेसाठी देवळातली नको, लोखंडी पट्टीची साधी चालेल. केंकेनी आणि घंटा तुमच्या रिटायर्ड काकांना द्या, ते हलणार नाहीत जागचे.

दोन गोष्टी लगेच करा. एक, तुम्ही फोटो टाकलाय त्यात सगळ्यांचे जेंबे फरशीवर सपाट उभे आहेत, तसे ठेवले तर खालचं तोंड बंद होतं आणि खर्जाचा आवाज बाहेरच पडत नाही. गुडघ्यांत धरून पुढे कलते करा, खालून हवा जाऊ दे. दोन, अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवा, कातडं फाटतं आणि बोटंपण सुजतात.

झाडं लावायचं जुलैत असेल तर बकऱ्याचं कातडं आणू नका, आपल्या हवेत अर्ध्या तासात सैल पडतं. गिनीत आगीजवळ धरून शेकतात, पण तुमच्या प्लॉटवर पावसात ते जमणार नाही. सिंथेटिक कातड्याचे जेंबे असतील तेच न्या, किंवा झाडं लावायचं १५ ऑगस्टनंतरच्या एखाद्या उघडिपीच्या रविवारी ठेवा. मला आधी कळवा, मी माझा सांगबान घेऊन येतो.